परवान्यांचे राज्य : दक्षिण आफ्रिकेतील हिंदी रहिवाशांची कागदी कोंडी

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा इतिहास मराठी वाचकांपर्यंत बहुतांशी सत्याग्रहाच्या वाटेने पोहोचला आहे, आणि त्यामुळे पीटरमॅरिट्झबर्गचे रेल्वे स्थानक, जोहान्सबर्गची सभा, परवान्यांची होळी आणि तुरुंगवास हीच त्या इतिहासाची ठळक स्थळे म्हणून नजरेसमोर राहतात. परंतु त्या देशात राहिलेल्या सामान्य हिंदी माणसाचे आयुष्य ज्या ठिकाणी घडत वा बिघडत होते ती ठिकाणे याहून पुष्कळच नीरस होती : बंदरावरील अधिकाऱ्याचे टेबल, नगरपालिकेतील परवाना-कारकुनाची खिडकी, छायाचित्रकाराचे दुकान आणि बोटांना शाई लावणारा शिपाई. १८८५ ते १९१४ या तीस वर्षांत तेथील राज्यांनी परका रहिवासी ओळखण्याची, अडवण्याची आणि थकवून परत पाठवण्याची जी रीत बसवली तिचा मोठा भाग पुढे इतर देशांनीही उचलला, आणि सत्याग्रहाच्या यशानंतरही तो मूळ जागी जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक राहिला. या दुसऱ्या गोष्टीकडे मराठीत फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. (या लेखात ‘हिंदी’ हा शब्द त्या काळच्या रूढीप्रमाणे हिंदुस्थानातील सर्व लोकांना उद्देशून वापरला आहे.)

हिंदी लोक तेथे दोन मार्गांनी गेले. नाताळ या इंग्रज वसाहतीतील ऊसमळ्यांना मजूर हवे होते, आणि १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ हे जहाज अशा ३४२ माणसांना घेऊन डर्बनला लागले. तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० माणसे करारबद्ध मजूर म्हणून, म्हणजे ठराविक वर्षे एकाच मालकाकडे राबण्याच्या लेखी बंधनाखाली, तेथे नेण्यात आली. या कराराला मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ असे नाव पडले. दुसरा वर्ग स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून जाणाऱ्यांचा होता. त्यात गुजरातेतील मेमण व सुरती मुसलमान व्यापारी प्रमुख असले, तरी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील व जंजिरा संस्थानातील कोकणी मुसलमानही होते, आणि त्यांच्यापैकी बरेच जण केपटाउनकडे वळले. मजुराला बोलावून नेले जात होते, व्यापारी आणि फेरीवाला मात्र न बोलावता आलेला. आणि मजुराचा करार संपून तोही जेव्हा भाजी पिकवू वा विकू लागला, दुकान थाटू लागला, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दृष्टीने दोघेही एकाच पंगतीला बसले. १९०४ च्या शिरगणतीत नाताळमधील हिंदी लोकांची संख्या गोऱ्यांपेक्षा थोडी अधिकच भरली, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील गोऱ्या मतदाराची अस्वस्थता कोठून उपजत होती हे कळते, जरी त्या अस्वस्थतेचे समर्थन होत नसले तरी.

बोअर लोकांच्या, म्हणजे डच वंशाच्या शेतकरी वसाहतवाल्यांच्या, दोन प्रजासत्ताकांनी आपला हेतू झाकून ठेवला नाही. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारले, ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर स्थावर मालमत्ता घेण्यास मनाई केली आणि व्यापारासाठी राहणाऱ्याला २५ पौंड नोंदणी-फी लावली. ब्रिटिश सरकारशी झालेल्या पत्रव्यवहारानंतर ही फी ३ पौंडांवर आली, परंतु वेगळ्या वस्तीच्या कलमाला ‘आरोग्याच्या कारणास्तव’ असे शब्द जोडून ते कायम ठेवण्यात आले. ऑरेंज फ्री स्टेटने तर १८९१ मध्ये आशियाई व्यापाऱ्यांची दुकानेच बंद करविली आणि हिंदी माणसाला तेथे स्थायिक होणे, व्यापार करणे वा शेती करणे अशक्य करून सोडले. शहरांत पायवाटेवरून चालणे, गाडीच्या वरच्या वर्गात बसणे, रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसणे यांवरही निर्बंध होते. १८९३ साली प्रिटोरियात राहणाऱ्या मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टराला रात्री फिरता यावे म्हणून तेथील सरकारी वकील क्राउझे यांनी नोकराला देतात तसला पास न देता, कोणत्याही वेळी पोलिसांच्या हरकतीविना बाहेर पडण्याची मुभा देणारे पत्र दिले होते. ही कृपा खरीच होती, आणि क्राउझे सज्जन गृहस्थ होते यातही शंका नाही; पण जे चालणे गोऱ्या माणसाला आपसूक मिळत होते त्यासाठी हिंदी माणसाला खिशात पत्र बाळगावे लागे, आणि पत्र देणारा उद्या बदलला तर पत्राचे काय, याला उत्तर नव्हते.

ब्रिटिश वसाहत असलेल्या नाताळची अडचण निराळी होती. राणी व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने हिंदी प्रजेला इतर प्रजाजनांच्या बरोबरीचे आश्वासन दिले होते आणि हिंदी पुढारी प्रत्येक अर्जात त्याचा दाखला देत. शिवाय वसाहतीच्या कायद्यांना लंडनची संमती लागे, आणि हिंदुस्थानात साम्राज्य चालवणाऱ्या लंडनला वर्णाचा उघड उल्लेख असलेला कायदा मंजूर करणे अवघड जाई. १८९३ मध्ये जबाबदार राज्यपद्धती मिळालेल्या नाताळच्या मुत्सद्द्यांनी यावर जो तोडगा काढला तो कायदेलेखनाच्या इतिहासात खास नोंदवण्याजोगा आहे : ज्याला वगळायचे त्याचे नाव घ्यायचे नाही, फक्त त्यालाच गाठेल अशी अट लिहायची. मताधिकाराच्या पहिल्या विधेयकात आशियाई लोकांचा स्पष्ट उल्लेख होता आणि लंडनने ते अडवले. १८९६ च्या दुरुस्त कायद्यात हिंदी हा शब्दही नव्हता, ज्या देशांत संसदीय मताधिकारावर उभारलेल्या निवडणूक-संस्था नाहीत त्या देशांतील लोकांना मत नसावे एवढेच म्हटले होते, आणि हिंदुस्थानात तशा संस्था नसण्याची जबाबदारी अर्थातच इंग्रज सरकारवर होती.

हीच युक्ती पुढच्या वर्षी अधिक सफाईने वापरली गेली. १८९६ च्या डिसेंबरात ‘कुरलंड’ आणि ‘नादेरी’ ही मुंबईहून आलेली जहाजे डर्बनच्या बंदराबाहेर विलगीकरणाच्या नावाखाली सुमारे तीन आठवडे अडवून ठेवण्यात आली. मुंबईत प्लेग होता हे खरे, परंतु मुदत वाढत गेली ती रोगापेक्षा किनाऱ्यावर चाललेल्या निदर्शनांमुळे. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी उतरले तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली आणि पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी आडव्या आल्या म्हणून ते वाचले. जमाव पांगला, जमावाला हवे होते ते त्याच वर्षी विधिमंडळाने शांतपणे करून दिले. १८९७ च्या आगमन-निर्बंध कायद्याने, कंगाल, वेडा, संसर्गजन्य रोगी वा गुन्हेगार यांच्या जोडीने, परिशिष्टात दिलेल्या नमुन्याचा अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेत स्वतः लिहून सही करू न शकणारा मनुष्य ‘निषिद्ध आगंतुक’ ठरवला. अर्जात मागितलेली माहिती साधी होती : नाव, मागील बारा महिन्यांतील राहण्याचे ठिकाण, धंदा, जन्मस्थान. ती मराठीत, गुजरातीत किंवा उर्दूत लिहिणारा आणि आपल्या पेढीची खतावणी वर्षानुवर्षे चोख ठेवणारा व्यापारी या कायद्यापुढे निरक्षर ठरे, आणि इंग्रजीत चार ओळी गिरवू शकणारा कोणीही गोरा मनुष्य साक्षर. निषिद्ध माणसाला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला किमान १०० पौंड दंडाची तरतूद होती, आणि या एका कलमाचा परिणाम परीक्षेहूनही दूरगामी झाला, कारण त्यामुळे उतारूची छाननी करणे हे कप्तानाच्याही हिताचे होऊन बसले आणि नाताळची सरहद्द काही अंशी मुंबईच्या धक्क्यापर्यंत येऊन ठेपली.

वसाहतमंत्री जोझेफ चेंबरलेन यांनी १८९७ च्या लंडन परिषदेत जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे हाच नमुना अनुकरणीय म्हणून ठेवला. निर्बंध घालण्यास त्यांची हरकत नव्हती. वंशाचा वा वर्णाचा उच्चार होऊन हिंदी प्रजेच्या भावना दुखावू नयेत एवढाच त्यांचा आग्रह होता. पश्चिम ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंड यांनी तो लवकरच उचलला, आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याने त्यात भर घालून अधिकाऱ्याने निवडलेल्या कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखन म्हणून घेण्याची तरतूद केली. परीक्षार्थीची नव्हे तर परीक्षकाची भाषा-निवड महत्त्वाची ठरल्यावर परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी नव्हतीच हे उघड होते; १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक युरोपीय भाषा जाणणाऱ्या पत्रकाराला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा देण्यास सांगण्यात आले तेव्हा या पद्धतीचे हसे झाले, तरी ती १९५८ पर्यंत कायद्यात टिकून होती.

नाताळमध्ये आधीपासून राहणाऱ्यांसाठी १८९७ मध्येच दुसरा कायदा झाला. किरकोळ व घाऊक व्यापाराचे परवाने देण्याचा अधिकार त्याने नगरपालिकेच्या परवाना-अधिकाऱ्याकडे सोपवला. हिशेबाच्या वह्या इंग्रजीत नसणे आणि जागा अस्वच्छ असणे ही नकाराची कारणे कायद्यात दिली होती, पण त्यांखेरीजही नकार देण्यास अधिकारी मुखत्यार होता, आणि त्याच्यावर अपील करायचे ते नगरपालिकेकडे, न्यायालयाकडे नव्हे. परवाना-अधिकारी नगरपालिकेचा पगारी नोकर, नगरपालिकेत निवडून आलेले सभासद पुष्कळदा स्वतः दुकानदार, आणि अर्जदार त्यांचा प्रतिस्पर्धी, अशी ही न्यायव्यवस्था होती. दरवर्षी नवा परवाना लागत असल्याने दुकानात गुंतवलेले भांडवल वर्षअखेरीस एका माणसाच्या मर्जीवर टांगलेले राही. सरसकट नकार क्वचितच दिला जाई, तसा तो देण्याची गरजही नव्हती. चांगल्या वस्तीतील जागा नाकारायची, वडिलांचा परवाना मुलाच्या नावे करण्यास विलंब लावायचा, एवढ्याने काम भागत असे.

ट्रान्सवालमध्ये या यंत्रणेला एक नवे अंग फुटले, आणि त्याचा उगम हिंदुस्थानातच होता. १८५८ साली बंगालमधील मुलकी अधिकारी विल्यम हर्शेल याने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला होता. त्या प्रयोगातून आणि पुढे बंगाल पोलिसांचा प्रमुख असलेल्या एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी अधिकाऱ्यांनी बसवलेल्या वर्गीकरणातून बोटांच्या ठशांची पद्धत सिद्ध झाली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी सुरू झाली. हेन्रीला १९०० साली दक्षिण आफ्रिकेत पोलीस-व्यवस्था लावण्यासाठी धाडण्यात आले होते. बोअर युद्धानंतर ट्रान्सवाल इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा हिंदी लोकांना वाटले होते की बोअर राजवटीचे ढिलाईने अमलात येणारे कायदे आता रद्द होतील. झाले ते उलटेच, कारण बोअरांकडे कायदा होता पण कचेरी नव्हती, आणि इंग्रजांनी कचेरी आणली. युद्धकाळात पळून गेलेल्या हिंदी माणसाला परत येण्यासाठी शांतता-रक्षण वटहुकमाखाली परवाना लागू लागला आणि तो देण्यासाठी स्वतंत्र ‘आशियाई खाते’ निघाले. जेथे एका सहीवर माणसाचे घर आणि दुकान अवलंबून असते तेथे सहीला भाव येतो, तसा तो येथेही आला. लाचखोरीच्या आरोपावरून खटले भरले गेले, पण ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. १९०३ मध्ये उच्चायुक्त मिल्नर यांच्या सांगण्यावरून हिंदी लोकांनी अंगठ्याचा ठसा असलेले नवे दाखले खुषीने घेतले, ही शेवटचीच नोंदणी असे समजून.

तीन वर्षांनी पुन्हा नोंदणीचा प्रस्ताव आला. २२ ऑगस्ट १९०६ रोजी प्रसिद्ध झालेल्या वटहुकमाच्या मसुद्यानुसार आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई पुरुष, स्त्री व बालकाने नोंदणी करून दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते, मिळालेला दाखला रस्त्यात कोणत्याही पोलिसाने मागताच दाखवायचा होता, आणि न जुमानणाऱ्यास दंड, कैद वा हद्दपारी होती. हेन्रीचे पुस्तक वाचून गांधींना असे आढळले की दहा बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडूनच घेतले जातात, आणि प्रस्तावातील अपमान त्यांनी नेमका तेथे पाहिला. ११ सप्टेंबर १९०६ ची एम्पायर थिएटरमधील सभा, लंडनला गेलेले शिष्टमंडळ, लंडनने नाकारलेली संमती, आणि १९०७ मध्ये स्वराज्य मिळताच ट्रान्सवालच्या विधिमंडळाने तोच कायदा पुन्हा मंजूर करणे, हा क्रम सुपरिचित आहे. मुदत वाढवत नेऊनही नोंदणी करणारे पाचशेच्या आसपासच निघाले, जानेवारी १९०८ मध्ये स्वेच्छेने नोंदणी करण्याची तडजोड झाली, ती सरकारने मोडली असे हिंदी लोकांचे म्हणणे पडले, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. या लढ्यात लिउंग क्विन यांच्या नेतृत्वाखालील चिनी रहिवासीही होते, ही गोष्ट मराठी वर्णनांत बहुधा गळते.

होळीत दाखला टाकणे धैर्याचे होते यात वाद नाही. पण ज्याची बायकामुले हिंदुस्थानात होती, त्याला तो जाळणे आणि घरी जाण्याचा वा परतण्याचा मार्ग जाळणे यांत फरक नव्हता; आणि अशा माणसाची खरी स्थिती पाहायची तर ट्रान्सवालऐवजी केप वसाहतीकडे जावे लागते, जी तेथील चार वसाहतींत सर्वांत उदार म्हणून गणली जात असे. तेथे संपत्ती व साक्षरतेच्या अटीवर हिंदी माणसाला मतही देता येई. परंतु १९०२ च्या कायद्याने नाताळचीच लेखन-परीक्षा तेथे आणली, आणि १९०६ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू लोकांची यिडिश ही हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा युरोपीय म्हणून मान्य केली. ही दुरुस्ती न्याय्यच होती. तिच्यामुळे एवढे मात्र सिद्ध झाले की लिपीची अडचण ही मनात आणले तर एका ओळीने दूर करता येणारी गोष्ट होती.

केपमधील कोकणी माणसाला या परीक्षेपेक्षा परवान्याने अधिक पिडले. हा परवाना आत येण्याचा नसून बाहेर जाण्याचा होता. तेथे कायदेशीरपणे राहणाऱ्या आशियाई माणसाला काही काळ हिंदुस्थानात जाऊन यायचे असेल, तर निघण्यापूर्वी एक पौंड भरून, छायाचित्र आणि अंगठ्यांचे ठसे देऊन परवाना घ्यावा लागे. त्यात परतण्याची मुदत लिहिलेली असे, सुरुवातीच्या काळात ती बहुधा एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंत. परवान्याविना गेलेला किंवा मुदत टळल्यावर आलेला मनुष्य, तेथे त्याने कितीही वर्षे काढलेली असोत, पुन्हा नवागत समजला जाई आणि मग त्याला परीक्षा लागू होई. मुदत पाळणे केपटाउनच्या टेबलावर सोपे दिसे. रत्नागिरीच्या एखाद्या खाडीकाठच्या गावात आजारी आई, ठरत आलेले लग्न, जमिनीचा वाद किंवा नुसता पावसाळा यांनी ते बिघडू शके, कारण कोकण किनाऱ्यावरची बोटींची ये-जा पावसाळ्यात बंद पडत असे, आणि मुंबई गाठल्यावरही आफ्रिकेच्या बोटीत जागा मिळून पुढचा प्रवास व्हायला आठवडे लागत.

याहून अवघड प्रश्न ‘अधिवासा’चा होता. अधिवास म्हणजे एखाद्या ठिकाणी कायमचे घर करण्याच्या हेतूसह असलेले वास्तव्य, अशी त्याची कायदेशीर व्याख्या. आणि हेतू हा मनात असल्याने त्याचे पुरावे बाहेरून शोधावे लागतात. आगमन-खात्याचे अधिकारी विचारत की अर्जदाराची पत्नी कोठे आहे, मुले कोठे आहेत, पैसे तो कोठे पाठवतो. कोकणी कुटुंबांची घडीच अशी होती की पुरुष केपटाउनला एखाद्या नातलगाच्या दुकानात कामाला लागे, पैसे साठवून पुढे स्वतःचे दुकान काढी, दर काही वर्षांनी गावी येई, आणि घर, शेत व म्हाताऱ्या माणसांसह पत्नी गावीच राही. मुंबईत गिरणीकाम वा नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांची घडीही तीच होती. खात्याच्या दृष्टीने मात्र पत्नी हिंदुस्थानात असणे हाच केपमध्ये अधिवास नसल्याचा पुरावा ठरे. उलट कोणी पत्नीला आणावयाचे म्हटले, तर विवाहाचा पुरावा मागितला जाई. मुलाला आणावयाचे म्हटले, तर सोळा वर्षांखालील वयाचा आणि पितृत्वाचा. ज्या गावांत जन्माची तारीख अमुक पुराच्या वा अमुक सणाच्या आगेमागे अशी सांगितली जात होती, तेथील मुलाचे वय शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर ठरे. अर्थात मर्यादेला टेकलेल्या मुलाचे वय कमी सांगणे, पुतण्याला मुलगा म्हणून आणणे, दुसऱ्याच्या कागदावर प्रवास करणे हेही घडत होते, आणि अधिकाऱ्यांचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु घर म्हणजे नवराबायको आणि अल्पवयीन मुले एवढेच, ही व्याख्या एकत्र कुटुंबावर लादल्यानंतर चुलत्याने पुतण्याला मुलगा म्हणण्यात फसवणूक किती आणि कुटुंबाची रीत किती, याचा निवाडा करणे सोपे नाही. या अर्जांच्या फायली केपटाउनच्या दप्तरखान्यात छायाचित्रे व ठशांसह जपून ठेवलेल्या आहेत, आणि इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्थ्री यांनी त्यांच्या आधारे जे लेखन केले आहे त्यामुळेच कोकणातून गेलेल्या या माणसांची हकीकत आज सांगता येते. ज्या खात्याने त्यांना अडवण्यासाठी कागद साठवले, त्याच खात्याच्या कागदांवर त्यांच्या स्मृतीची भिस्त असावी, हा योगायोग फारसा सुखद नाही.

नाताळमधील माजी मजुरांवरचे ओझे अधिक उघड होते. १८९५ च्या कायद्याने करार संपल्यावर नवा करार न करणाऱ्या वा मायदेशी न परतणाऱ्या मजुरावर दरसाल ३ पौंडांचा कर बसवला, आणि १९०३ मध्ये तो सोळा वर्षांवरील मुलांना व तेरा वर्षांवरील मुलींनाही लागू केला. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले यांच्या घरावर वर्षाला १२ पौंड पडत, आणि अशा पुरुषाची मासिक कमाई पुष्कळदा १४ शिलिंगांच्या वर जात नसे, म्हणजे सबंध वर्षाची कमाई साडेआठ पौंडांच्या आत. हा कर वसुलीसाठी नव्हता; माणसाला पुन्हा करारात ढकलणे वा परत धाडणे हाच त्याचा उद्देश होता.

या प्रश्नावर हिंदुस्थानात सर्वांत चिकाटीने काम केले ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी. नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव त्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडून मंजूर करून घेतला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले, तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा स्वतंत्र डबा दिला आणि जागोजागी महापौरांनी स्वागत केले. एका हिंदी पाहुण्याला मिळणारा मान आणि लाखाहून अधिक हिंदी रहिवाशांना मिळणारी वागणूक यांतील हे अंतर सरकारलाही सोयीचे होते. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू राहत असल्याने गांधींनी गोखल्यांना मराठीत बोलण्याची विनंती केली व भाषणाचे हिंदुस्थानीत भाषांतर स्वतः करण्याची तयारी दाखवली. गांधींच्या हिंदुस्थानीचा आणि मराठीचाही मासला ठाऊक असलेल्या गोखल्यांना हसू आवरले नाही, पण त्यांनी विनंती मानली आणि झांझिबारपर्यंत पुढेही अशा सभांत ते मराठीतच बोलले. नोव्हेंबरात बोथा व स्मट्स या मंत्र्यांशी झालेल्या भेटीनंतर ३ पौंडांचा कर जाणार अशी गोखल्यांची समजूत झाली; मंत्र्यांनी पुढे तसे वचन दिल्याचे नाकारले.

१९१३ च्या मार्चमध्ये केपचे न्यायमूर्ती सर्ल यांनी, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेल्या विवाहातील पत्नीला आगमन-कायद्याखाली पत्नी म्हणून प्रवेश मिळू शकत नाही, असा निर्णय दिला, आणि एका परवान्याच्या वादातून बहुतेक सर्व हिंदू, मुसलमान व पारशी विवाहांवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. स्त्रिया लढ्यात उतरल्या त्या यामुळे. न्यूकॅसलच्या खाणकामगारांचा संप, ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघालेले दोन हजारांवर माणसांचे पायदळ आणि शेवटी १९१४ चा दिलासा-कायदा ही त्याची परिणती. कर रद्द झाला, एका पत्नीशी झालेला विवाह मान्य झाला, आणि अंगठ्याचा ठसा असलेला अधिवास-दाखला धारकाची ओळख पटल्यावर प्रवेशहक्काचा निर्णायक पुरावा मानण्याचे ठरले. ज्या ठशाविरुद्ध आठ वर्षांपूर्वी झगडा सुरू झाला होता त्यालाच आता संरक्षण म्हणून मागून घेण्यात आले होते. चारही वसाहती मिळून झालेल्या दक्षिण आफ्रिकी संघराज्याचा १९१३ चा आगमन-नियमन कायदा मात्र जागचा हलला नाही. त्यातील एका कलमाने आर्थिक कारणांसाठी किंवा राहणीच्या रीतीमुळे कोणत्याही वर्गाला अयोग्य ठरवण्याचा अधिकार मंत्र्याला दिला होता, त्याच्या आधारे नवे आशियाई आगमन बंद करण्यात आले, आणि अधिवासाखेरीज बहुतेक तंटे न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेल्या मंडळांपुढे जाऊ लागले. अपमान दूर झाला, कचेरी राहिली, असाच या तडजोडीचा हिशेब मांडावा लागतो. यात गांधींना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांनी मागण्या मोजक्या ठेवल्या होत्या व त्या मिळवल्या. पण विजयाच्या वर्णनांत हा उरलेला भाग सांगायचा राहतो.

पुढील चाळीस वर्षांत गाठी आवळतच गेल्या. १९१८ च्या साम्राज्य परिषदेच्या ठरावाने रहिवाशाला एकच पत्नी व तिची मुले आणता येतील आणि त्यांच्या नात्याची खात्री हिंदुस्थान सरकारने द्यावी असे ठरले, म्हणजे केपच्या अधिकाऱ्याची तपासणी आता मायदेशाच्या कचेऱ्यांतूनही होऊ लागली. १९२७ च्या केपटाउन करारानंतर सलग तीन वर्षे बाहेर राहणाऱ्याचा अधिवास संपू लागला आणि मायदेशी कायमचे परतणाऱ्या प्रौढाला २० पौंड बक्षीस मिळू लागले. १९४६ मध्ये हिंदी लोकांच्या जमीन-खरेदीवर निर्बंध घालणारा कायदा झाला तेव्हा हिंदुस्थान सरकारने तेथील आपले उच्चायुक्त, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना परत बोलावले आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. १९५३ मध्ये हिंदुस्थानातून पत्नी आणण्याची मुभाही संपली. कोकणातील ज्या स्त्रिया पुढच्या खेपेला जाऊ म्हणून थांबल्या होत्या, त्यांच्यासाठी ती खेप आलीच नाही. १९६१ पर्यंत, म्हणजे ‘ट्रुरो’नंतर एक शतक उलटेपर्यंत, सरकारने हिंदी लोकांना देशाचे कायमचे रहिवासी मानले नव्हते. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यासाठी त्यांना लागणारा परवाना १९७५ मध्ये बहुतेक ठिकाणी रद्द झाला, आणि ऑरेंज फ्री स्टेटची १८९१ ची बंदी उठायला १९८६ साल उजाडावे लागले.